बिनगोडाची काकवी

शिराळा,
९ डिसेंबर १९७४

वन्संना अंजनाचा नमस्कार.

तुमचे बंधू ठणठणीत आहेत असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. शेजारी बसून त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. आज ते गुऱ्हाळावर गेलेत, म्हणून खरं लिहिते.

दसऱ्याच्या सुमारास उसाचा बुडखा लागून डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती अजून भरत नाही. शेवटी मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली, रक्त तपासलं आणि म्हणाले, "सुभेदार, तुमच्या अंगात साखर फार झालीय." ह्यांना काय वाटावं? अभिमान वाटला! बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "होणारच! सात एकर ऊस आहे आमचा." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आता गूळ बंद, साखर बंद, भात बंद आणि काकवीचं तर नाव काढायचं नाही. फेब्रुवारीपर्यंत साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल म्हणाले. अंगठ्यावर भागलं तर नशीब समजा, असंही म्हणाले. ते मला बाजूला घेऊन सांगितलं.

मला एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली मिळाली आहे. रोज सकाळी ह्यांच्या लघवीचे थेंब औषधात टाकून उकळायचे. निळंच राहिलं तर बरं, हिरवं झालं तर सावध राहायचं, विटकरी झालं तर वाईट. आमचं रोज विटकरी. सातवी पास झाले तेव्हा वडील म्हणाले होते, पोरीच्या शिक्षणाचा कुठेतरी उपयोग होईल. झाला बाई एकदाचा.

लढाईत गोळ्यांना न भ्यालेला माणूस, भाकरीबरोबर काकवी नाही म्हणून ताटावरून रुसून उठतो. आमच्या शिराळ्यात पंचमीला लोक जिवंत नाग हातात धरतात, पण ह्यांच्या पुढ्यातली काकवीची वाटी उचलायची हिंमत त्यांतल्या एकाची व्हायची नाही. डॉक्टरांनी चहात घालायला सॅकरीनच्या गोळ्या दिल्या. त्या ह्यांनी कोंबड्यांपुढे टाकल्या. कोंबड्यांनीही तोंड फिरवलं.

लहानपणी भावाला काकवीत बुडवून तुम्हीच वाढवलंत. तेव्हा आता यावर तोडही तुम्हीच सांगा.

तुमची,
अंजना


वडूज,
२१ डिसेंबर

अंजना,

तुझं पत्र मिळालं. वाचून आदी रडले, मग लय राग आला. नाथाला म्या काकवीत बुडवला व्हय? आमच्या बापाच्या घरी काकवी वाटीनं मिळायची, तुझ्या घरी ती घागरीनं वाहती. लगीन झालं तवा माझा भाऊ काठीवानी व्हता. पोट कुणाच्या हाताखाली सुटलं ते समद्या शिराळ्याला ठावं हाय.

ते जाऊ दे. तू सातवी शिकल्याली, मी चौथीतनं शेण काढायला घरी बसल्याली, तवा मला नळीतलं काय कळंना. पर भावाच्या जिभंतलं कळतं. त्याला नुसतं गोड नगं असतं. त्याला तो जरा करपल्यावानी खमंग वास लागतो आन् भाकरीवर वरनं पडताना तार दिसावी लागती. मग म्हनलं, तेवढं दोन जमवू, गोडाचं गोळ्यांवर भागवू.

आमच्या वडूजला पानी न्हाई आन् ऊस न्हाई. म्हशी मात्र हाईत, तेवढ्या तुझ्या शिकलेल्या नजरंला दिसू देत. लोणी कढवाय ठेवलं. तूप झालं की बाया उतरवत्यात, म्या उतरवलं न्हाई. तळाची बेरी तांबडी, मग चांगली तपकिरी व्हईस्तवर मंद जाळावर राहू दिली. तूप गाळून घेतलं आन् बेरी पाट्यावर गंधावानी वाटली. दुसरीकडं दाट साय आटवली, त्यात ती बेरी, थोडं तूप, मिठाचा कण, जायफळ. मग हलवत बसायचं. खांदा मोडून पडला माझा, पर तार आली. गोळ्या इथल्या दुकानात मिळाल्या. त्या कुटून, खाली उतरवून कोमट झाल्यावर घालायच्या. पयल्या खेपंला उकळत्यात घातल्या तर समदं कडूजार झालं. आमच्या ह्यांनी ते चाखलं आन् दिसभर दारात थुकत बसले.

दुसऱ्या खेपंला जमलं. रंग काकवीचा, वास काकवीचा, आन् साखरंचा खडा न्हाई का गुळाचा कण न्हाई. नाथाला पाठव, डबा घिऊन जाईल. भैनीकडं यायचं म्हनलं की त्याचा गुडघा धरतो, तरी सांगून बघ.

डबा आपला आईचा, पितळी कडीचा. त्यो रिकामा परत पाठवायचा नसतो. तू इसरतीस असं न्हाई, आपलं सांगून ठेवलं.

सुलाबाई


शिराळा,
६ जानेवारी १९७५

वन्संना नमस्कार.

गुडघा धरत धरत हे वडूजला जाऊन आले आणि तुमची काकवी आली. आमच्या घरात त्या दिवशी कोर्ट भरल्यासारखं झालं. हे पाटावर बसले, बोटाने चाटून पाहिलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "रायफलला लावायचं तेल." मी म्हटलं, बरं, मग ठेवून देते. तर म्हणाले, "आता वाढलंयस तर राहू दे, अन्न टाकू नये." एका भाकरीला तीन वेळा तेल लावलं सुभेदारांनी.

खरं सांगायचं तर मीही चोरून चाखलं. वन्सं, चांगलं झालंय. हे मी पुन्हा लिहिणार नाही, त्यामुळे हे पत्र जपून ठेवा. आणि चौथ्या दिवशी सकाळी नळी हिरवी झाली! मी नळी हातात धरून शेजारच्या धोंडुबाईला दाखवायला अंगणात गेले. नळीत काय आहे हे सांगितल्यावर तिने घरात जाऊन आंघोळ केली.

तुमचा डबा घासून, या हंगामाच्या पहिल्या आधणाची काकवी काठोकाठ भरून, वर फडकं बांधून ह्यांच्याबरोबर पाठवते आहे. तुमच्या बंधूंना अचानक बहिणीची फार आठवण येऊ लागली आहे. गुडघा बरा झाला. अंगठ्याला पट्टी, पायात टायरची चप्पल, आणि पहाटे उठून एसटीची वाट बघत उभे. कराडला गाडी बदलायची दगदग आहे, दुसऱ्या कोणाला पाठवू का म्हटलं, तर म्हणाले, "माझी बहीण आहे, मीच जाणार." इतकी वर्षं हे प्रेम कुठल्या कोठारात ठेवलं होतं कोण जाणे.

अंजना


वडूज,
१८ जानेवारी

अंजना,

काकवी पोचली. जेवढी पाठवलीस तेवढी पोचली, म्हंजे अर्धा डबा. नाथाला इचारलं तर म्हनला, "अक्का, यंदा ऊस कमी पडला." सात एकरात ऊस कमी पडला व्हय गं? का नणंदंसाठी कमी पडला? आमी कोरडवाहू मानसं, आमाला अर्ध्याची सवय हाय. पाऊस बी अर्धाच पडतो. पर फडकं बांधताना गाठ मातुर लय घट्ट बांधली व्हतीस. अर्ध्या डब्याला येवढी गाठ? आत काय पळून जानार व्हतं?

संक्रांतीला तू तिळगूळ बी पाठवला न्हाईस. घरात गूळ ठेवत न्हाई म्हून, असं नाथानं सांगितलं. शेजारी गुऱ्हाळ धडधडतंय आन् सुभेदारणीच्या घरात गूळ न्हाई. हसू का रडू?

म्या कायबी मनात ठेवलेलं न्हाई. दुसरा डबा भरून दिलाय. या खेपंला बेरी जास्त घातली हाय. नाथाचा अंगठा बघितला. काळा पडत चाललाय गं. तो झोपल्यावर म्या त्याच्या पायाशी बसले व्हते. तुझी नळी काय म्हनती ते लिही.

सुलाबाई


शिराळा,
३० जानेवारी

वन्संना नमस्कार.

अर्धा डबा? झाकण लागत नव्हतं म्हणून वरचे दोन पळे मी परत कढईत घातले. तेव्हा कामाला येणारी राहीबाई समोर होती, तिला विचारा. गाठ घट्ट बांधली कारण सांडू नये. अर्धा डबा पाठवायची पद्धत आमच्या माहेरी नाही, आणि सासरी असेल तर ती मला कुणी शिकवली नाही.

आता नळीचं. घरी असतात तेव्हा नळी हिरवी. एकदा तर निळसरही झाली होती. आणि वडूजहून परत आले की दुसऱ्या दिवशी विटकरी! पहिल्या खेपेला म्हटलं, प्रवासाची दगदग असेल. दुसऱ्या खेपेला तर वीट काय, कौल म्हणून घरावर चढवावी असा रंग. वन्सं, मी वाईट बोलत नाही, फक्त विचारते. हलवता हलवता तुमचा हात गुळाच्या ढेपेकडे वळतो का? भावाची माया असते, समजू शकते मी. पण तुमच्या मायेचा हिशेब ह्यांच्या अंगठ्यातून वळता होतो आहे. पंधरवड्यात डॉक्टर ठरवणार आहेत.

म्हणून या खेपेला नळी, दिवा आणि औषधाची बाटली ह्यांच्याबरोबर पाठवते. हे दारात आले की चहाच्याही आधी तपासा. निघताना परत तपासा. म्हणजे साखर कुठल्या घरात चढते ते आपल्या दोघींनाही कळेल. रीत चिठ्ठीवर लिहिली आहे, चौथीपर्यंतच्या मराठीत.

डबा भरलेला आहे. गाठीवर मी लाखेचा ठिपका लावणार होते, पण ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "नवऱ्यावर विश्वास नाही का?" मग नाही लावला.

अंजना


वडूज,
१४ फेब्रुवारी

अंजना,

आता नीट बूड टेकून बस आन् वाच.

तुझ्या चिठ्ठीबरहुकूम नाथाला उंबऱ्याच्या बाहेर उभा केला. पानी बी दिलं न्हाई. म्हनलं, आदी तुझ्या बायकूचा हुकूम. तपासलं. विटकरी! दारात आल्या आल्या विटकरी, माझ्या घरातलं त्याच्या पोटात कायबी गेलं नसताना! तवा गुळाच्या ढेपंकडं हात कुणाचा वळतो ते आरशात बघ. आन् डबा परत अर्धाच. मी नुसतं सांगते, भांडत न्हाई.

पर मला शंका आली. म्हनलं, ह्या औषधातच काय खोट असली तर? माझ्या भावाचा अंगठा असल्या निळ्या पान्याच्या जिवावर कापायचा व्हय? म्हून दुसऱ्या दिशी म्या माझं सोताचं तपासलं. मला काय झालंय? कायबी न्हाई. धडधाकट मानूस. ह्या साली जरा तहान लय लागती, थंडीतबी मडकं उशाला घिऊन निजते, आन् मग उठाय बी लागतं. तळपायाला मुंग्या येत्यात, ते आमच्या रानातल्या फुफाट्यानं. वजन उतरलंय, ते म्हशींच्या मागं पळून. पर आजार म्हनशील तर एक न्हाई.

आन् नळी कशी झाली म्हंतीस? नाथापक्षा लाल! दोनदा केलं, दोनदा लाल. झालं का आता? तुझं औषध खोटं, तुझी नळी खोटी, आन् त्या नळीपायी माझ्या भावाला तू दोन महिनं उपाशी मारलंस. म्या त्याला त्याच दिशी पुरणपोळी केली, वर तूप घातलं. चार खाल्ल्या लेकरानं. डोळ्यात पानी आलं त्याच्या. औषधाची बाटली म्या ठेवून घेतलीया, तुझ्या हाती परत जाऊ नये म्हून.

अंगठा कापू नगा. डॉक्टरला माझी नळी दाखव.

सुलाबाई


मिरज,
२२ फेब्रुवारी

वन्सं,

मंगळवारी ह्यांचा अंगठा काढला. पाय वाचला. ताप उतरलाय. काल पेज घेतली.

पुरणपोळीवरून मी तुमच्याशी भांडणार होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून चार पानं भांडण मनात जुळवलं होतं, एकेक शब्द घासूनपुसून. मग ते लिहायला तुमचं पत्र समोर घेतलं आणि तहानेची ओळ पुन्हा वाचली. मडक्याची. मुंग्यांची. ह्यांचं दसऱ्याच्या आधी अगदी असंच सुरू झालं होतं, आणि मीही फुफाट्याला, उन्हाला आणि वयाला नावं ठेवत होते.

वन्सं, औषध खोटं नाही. घरी दुसरी बाटली होती त्यात मी माझं तपासलं होतं, निळंच राहिलं. राहीबाईचंही निळं. इथल्या डॉक्टरांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, त्यांना लगेच घेऊन या, भावाला असेल तर बहिणीला असू शकतं.

डब्याचंही कळलं. कपडे बदलताना ह्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात फौजेतला चमचा सापडला, आणि त्याला खिसा चिकटलेला. दर खेपेला कराडच्या स्टँडवर पाव घ्यायचे, गाठ सोडायचे, अर्धा डबा संपवायचे आणि पुन्हा फौजी गाठ मारायचे. तुम्ही मला चिक्कू समजलात, मी तुम्हाला गूळ घालणारी समजले, आणि आपल्या दोघींच्या मधे हा माणूस कराडला बाकड्यावर बसून पाव खात होता. मी चमचा पुढ्यात धरला तेव्हा भिंतीकडे तोंड केलं. तुमच्या नळीचं सांगितलं तेव्हा मात्र उठून बसले. म्हणाले, "अक्काला लिही, मी चोरी केली, अंगठा जमा केला. तिने काही जमा करायचं नाही." आणि रडले. मी ह्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

आवं वन्सं, म्या तुमाला लय लागंल असं बोलले. ते सोडून द्या. तुमी या. म्हशी कुणाकडंबी सोडा, पर उद्याची गाडी धरा. मला नणंद एकच हाय. तुमी नसला तर मी भांडू कुनाशी? डबा आनू नगा, भरल्याला न्हाई का रिकामा न्हाई. नुसत्या या.

तुमची
अंजना


वडूज,
६ एप्रिल

चि. सौ. अंजनास सुलाबाईचे अनेक आशीर्वाद.

मिरजेहून येऊन पंधरा दिस झालं. तू दवाखान्यात माझं केलंस ते कुनी पोटची लेक बी करत न्हाई. हे मी परत लिहिनार न्हाई, तवा पत्र जपून ठेव.

गोळ्या रोज घेते. भाकरी मोजून खाते. आमच्या ह्यांनी गुळाचा डबा माळ्यावर टाकून शिडी शेजारी दिलीया, येवढा माझ्यावर इस्वास. पुरणपोळीचं मातुर मनातनं जात न्हाई. नाथाच्या पायाकडं बघवलं न्हाई मला. तो म्हनला, "अक्का, पोळ्या चांगल्या झाल्या व्हत्या." असं बोलून आनखी मारतो मेला.

तू केलेल्या बिनगोडाच्या काकवीचा डबा पोचला. काठोकाठ भरलेला. आनणारा नाथा नव्हता, म्हून. अंजना, खरं सांगू? पयला घास तोंडात घातला आन् भावाची माफी मागावी वाटली. रायफलचं तेल म्या कवा चाखलं न्हाई, पर असंच लागत असनार. माझ्या हातची मी नुसती बोटानं चाखून बघत व्हते, भाकरीसंगं रोज खायची पाळी दुसऱ्याची व्हती. आता मलाच खायची हाय तवा कळलं. येवढं असून समदा डबा संपवला. नाथाचंबी असंच झालं व्हतं, न्हाई का? पुढल्या खेपंला बेरी आनखी जरा जाळ.

आता डबा परत धाडायचा. आईचा डबा, रिकामा कसा धाडू? दोन दिस इचार केला. घरात जे गोडधोड हाय ते नाथाला चालत न्हाई. तूप तुझ्याकडं हाय. काल सकाळी नळी उकळली आन् काय सांगू, निळी! हिरव्याचा लवलेश न्हाई. म्या तीच नळी बूच लावून पदराखाली धरली आन् थेट बाजारपेठेत नानासोच्या दुकानात गेले. म्हनलं, ह्या रंगाचा खण काढ. त्यानं ढीग पाडला. ह्यो गडद, त्यो फिका. म्या एकेक खण नळीशी लावून बघत व्हते. नानासो म्हनला, "मावशी, बाटलीत हाय तरी काय?" म्हनलं, "भावजयीनं दिल्यालं तीर्थ हाय, हात लावू नगंस." त्यानं हात जोडले.

डब्यात त्यो खण हाय. रंग जुळवून घेतल्याला. पेटीत घालून ठेवू नगंस, चोळी शिव आन् अंगात घाल. रोज सकाळी नाथाची नळी दंडाशी धरून बघत जा. जुळली तर मला पत्र टाकायची गरज न्हाई. न्हाई जुळली तर त्याच दिशी कळव. कराडला गाडी बदलून मी येते, आन् येताना त्या बाकड्यावर कोन बसलंय ते बघत येते.

तुझी
सुलाबाई